कोमट तो कामाचा

आमच्या ह्यांची आणि बाळारामची पहिली भेट झाली तेव्हा बाळारामने हात जोडले नाहीत की हात पुढे केला नाही. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवलं, त्याची नखाकडची बाजू ह्यांच्या मानेला, कानाच्या जरा खाली टेकवली, छताकडे बघत थोडा थांबला आणि म्हणाला, "कोमट. चालंल." मग प्रसादाचा द्रोण उचलला आणि शेजारच्या गाळ्यात निघून गेला.

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर आमचं मेडिकल सुरू झालं त्या दिवसाची ही गोष्ट. फार्मसी मी शिकले, लायसन माझ्या नावावर, त्यामुळे दुकान मीच बघते. हे भातसानगरला धरणाच्या कामावर असतात. पाहुणे पांगल्यावर ह्यांनी मान चोळत विचारलं, "तो कोण होता?" मी म्हटलं, "मला वाटलं तुमच्यातलाच कुणी." मी शहापूरची. माझ्या माहेराला रेल्वे जवळ आहे. मुरबाडला रेल्वे नाही ही गोष्ट लग्न ठरवताना कुणी ठळकपणे सांगितली नव्हती. तेव्हापासून मुरबाडात जे काही विचित्र दिसेल ते सासरकडचं, असं धरून चालायची मला सवय आहे.

हा माणूस मात्र कुणाच्याच नात्यातला निघाला नाही. तो आमचा शेजारी निघाला. मधली भिंत एका विटेची. त्याच्या दुकानावर पाटी आहे, पण उन्हाने तिचा रंग इतका उडाला आहे की गिऱ्हाईक वाचायच्या भानगडीत पडत नाही, "ताप्याचं दुकान कुठलं?" असं माझ्याकडे विचारतं. ताप्या हे त्याचं स्टँडवर पडलेलं नाव. टीव्ही, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, पोल्ट्रीतल्या पंख्यांचे कंट्रोलर, थोडक्यात ज्याच्या पोटात सर्किटचा बोर्ड आहे ते सगळं तो दुरुस्त करतो. वस्तूशी त्याला देणंघेणं नाही. टीव्ही घेऊन जा, तो टीव्ही भिंतीला तोंड करून ठेवतो, बोर्ड तेवढा काढून टेबलावर घेतो आणि म्हणतो, "हं. बोला, काय होतंय?" हे तो बोर्डाला विचारतो. गिऱ्हाईक उत्तर द्यायला लागलं तर हात वर करून गप्प करतो.

त्याची पद्धत सांगायला पाहिजे. बोर्डावर पुष्कळ बारीक बारीक भाग असतात, काही तांदळाच्या दाण्याएवढे. त्यातला एखादाच बिघडलेला असतो आणि तो सगळ्यांना बंद पाडतो. बाकीचे मेकॅनिक मीटर घेऊन एका टोकापासून एकेक भाग तपासत बसतात. बाळाराम बोर्डात थोडासा करंट सोडतो आणि वाट बघतो. बिघडलेला भाग वाटेत आलेला सगळा करंट पितो आणि तापतो. मग बाळारामचं मधलं बोट, मागच्या बाजूने, त्या भागांवरून चालत जातं. पुढची बाजू का नाही, तर सोल्डरिंगचा डाग देताना भाजून भाजून तिथली कातडी चपलेच्या तळासारखी झालेली. "पुडची बाजू कामाची, मागची बाजू अकलेची," असं तो म्हणतो. बोट चालता चालता थबकतं. "ह्यो बग. ह्यो रडतोय."

त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे. "ज्याचं दुखतं तो तापतो." आणि त्याच्या मागोमाग दुसरं: "गार तो मेला, गरम तो बिघडला, कोमट तो कामाचा." एवढ्या दोन वाक्यांवर त्याचं सगळं शास्त्र उभं आहे. हे शिकलात कुठं, असं विचारलं तर म्हणतो, "उस्तादाकडं." उस्ताद कुठला, ते सांगत नाही. स्टँडवरच्या लोकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की उस्ताद मुंबईचा कुणी म्हातारा पारशी असणार. बाळारामने कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

बोटाला नक्की सांगता आलं नाही की तो म्हणतो, "जरा डाऊट हाय." मग खांद्यावरचा टॉवेल घेऊन मिशी आणि वरचा ओठ पुसतो, नीट, डावीकडून उजवीकडे, आणि वाकून बोर्डाला ओठ लावतो. ओठाची कातडी पातळ, तिला बारीक फरक कळतो, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण बघणाऱ्याला हे माहीत नसतं. बघणाऱ्याला एवढंच दिसतं की पन्नाशीचा माणूस डोळे मिटून आपल्या टीव्हीच्या आतल्या भागाचा मुका घेतोय. तानशाकडच्या एका बाईंनी हे पाहिलं आणि बोर्ड परत घेताना सांगितलं, "आमी टीव्हीवर देवाचं बघतो. तेवढा पुसून द्या." बाळारामने माझ्याकडून स्पिरिटची बाटली नेली, बोर्ड पुसला आणि बाईंना वास दाखवून दिला. त्यांचं समाधान झालं.

हे सगळं टेबलापुरतं राहिलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण बाळाराम माणसांनाही बोर्डच समजतो. ओळखीचा पुरुष दिसला की मानेला बोट. बायकांच्या बाबतीत तो मर्यादा पाळतो, त्यांच्या पिशवीला किंवा डब्याला बोट लावून अंदाज घेतो. माझ्या डब्यावरून तो माझं आणि सासूबाईंचं कसं चाललंय ते ओळखतो, असा त्याचा दावा आहे. डबा गार असला तर म्हणतो, "वयनी, आज घरात बोलणं नाय वाटतं." डबा गार असतो कारण मी तो सकाळी भरते आणि दुपारी उघडते. हे मी त्याला सांगितलेलं आहे.

तो चुकतोही, आणि चुकला की दणकून चुकतो. एका पोल्ट्रीवाल्याने टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून, एप्रिलच्या उन्हातून, कंट्रोलरचा बोर्ड आणला. बाळारामने बोट फिरवलं आणि चेहरा पाडून म्हणाला, "दादा, हे घर सगळंच आजारी हाय. नवा घ्या." पोल्ट्रीवाला कल्याणला गेला, तिथे कुणीतरी फ्यूज बदलून दिला. तो पोल्ट्रीवाला अजून जाता येता रस्त्यातून ओरडतो, "बाळाराम, सावली बगून हात लाव." माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा तर ह्या माणसाने आगाऊपणाची हद्द केली. पोह्यांच्या बशा द्यायला मदत करतो म्हणून आत आला, मुलाच्या हाताला बोट लावलं आणि स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं, "गार हाय. सप्लायच नाय." मुलाने नुकतीच कोल्ड्रिंकची बाटली खाली ठेवली होती. पण सासूबाईंनी ते मनावर घेतलं आणि स्थळ मोडलं. पुतणीचं पुढे चांगलं झालं, म्हणून मी तो विषय काढत नाही.

त्याचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. "दोन पोरी बगितल्या. एक गार, एक गरम," एवढंच सांगतो. तो शहापूरच्या वाटेवरच्या एका गावात राहतो, सकाळी शेअर जीपने येतो, दिवे लागायच्या आत परत जातो. घरी कोण असतं, तर आई. ती अंथरुणाला खिळलेली आहे, अंगावरून वारं गेलं तेव्हापासून बोलत नाही, हे मला त्याच्याकडून नाही, जीपवाल्याकडून कळलं.

आता माझं आणि त्याचं खरं भांडण. मी थर्मामीटर विकते. बाळाराम थर्मामीटरला माणसात मोजत नाही. कुणी बाई पोराला काखेत घेऊन माझ्या काउंटरशी आली आणि थर्मामीटर मागितला, की हा शेजारच्या गाळ्यातून मान बाहेर काढतो. "ताई, कशाला घेता? काच काय सांगणार? हात लावा हात. पोर तुमचं हाय का कंपनीचं?" बाई ओशाळते, पोराच्या कपाळाला हात लावते आणि तापाची गोळी घेऊन जाते. थर्मामीटर माझ्या हातात राहतो. साथीच्या दिवसांत दारोदार ती पिस्तुलासारखी यंत्रं आली, तेव्हा हा म्हणायचा, "कपाळावर बंदूक ठेवून तब्येत इचारतात. दरोडेखोर बरे." मी एकदा रागाने त्याला म्हटलं, "तुमचं बोट माझ्या काउंटरवर विकायला ठेवू का?" तर म्हणाला, "परवडनार नाय वयनी, एकच पीस हाय."

असा हा माणूस गेल्या वर्षी अचानक एसटीची तिकिटं गोळा करायला लागला.

सकाळी जीपमधून उतरला की सरळ दुकानात न येता स्टँडवर जायचा. कल्याणची गाडी रिकामी झाली की खाली पडलेली तिकिटं वेचायचा, सरळ करायचा आणि खिशात घालायचा. एका कंडक्टरला संशय आला की हा खोटा प्रवासभत्ता काढतो. बाळारामला प्रवासभत्ता कोण देणार, हा विचार त्याने केला नाही. शेवटी मीच विचारलं. बाळारामने मला त्याच्या टेबलाशी नेलं, एका बोर्डात करंट सोडला आणि त्यावर कल्याण-मुरबाड तिकीट पसरून ठेवलं. थोड्या वेळात तिकिटावर एका जागी करडा ठिपका उठला, मग काळा झाला. हा कागद उष्णतेने काळा पडतो, म्हणून तर त्यावर शाईशिवाय छपाई होते. ठिपक्याखालचा भाग बिघडलेला.

"नवीन पद्दत," तो म्हणाला. "जमाना बदलतो वयनी. कल्यानच्या गाडीचा कागद बेस. शहापूरच्या गाडीचा फिका येतो."

शहापूरवर घसरायचं काही कारण नव्हतं. कागद दोन्ही गाड्यांत एकच असतो. मी तसं म्हणाले आणि परत आले. ज्या माणसाला काच चालत नव्हती त्याला कागद कसा चालायला लागला, हे मात्र मला त्या वेळी सुचलं नाही. मला वाटलं, वय झालं की माणूस नवीन काहीतरी धरतो. आमच्या ह्यांनी बासरी धरली होती.

मग मे महिन्यात माझ्या दुकानाचा फ्रीज बंद पडला. मेडिकलवाल्याचा फ्रीज म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचा फ्रीज नव्हे. त्यात इन्सुलिन असतं, धनुर्वाताची इंजेक्शनं असतात. मी सगळं बर्फाच्या डब्यात घालून घरी पाठवलं, सासूबाईंनी ते कोथिंबिरीशेजारी ठेवलं, आणि मी बाळारामला हाक मारली. त्याने मागचं झाकण उघडलं, बोर्ड काढला आणि स्वतःच्या टेबलावर नेला. मी मागोमाग गेले, कारण घाई माझी होती. समोर गिऱ्हाईक असलं की त्याला तिकीट काढायला आवडत नाही, हे मला त्या दिवशी दिसलं. लोकांना बोट बघायचं असतं. मलाही बोटच बघायचं होतं.

त्याने करंट सोडला. बोट चालायला लागलं. "गार," तो म्हणाला. "गार. ह्यो पन गार." बोट एका चौकोनी काळ्या भागावर थांबलं आणि तिथेच टेकून राहिलं. त्याने नेहमीसारखं छताकडे बघितलं. "गार."

मला जळक्या केसांचा वास आला. मी आधी फ्रीज होता त्या माझ्या गाळ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. वास त्याच्या हाताकडून येत होता.

"बाळाराम," मी म्हटलं, "बोट उचला."

त्याने उचललं. बोटाची मागची कातडी पांढरी पडून चुरगळली होती. त्याने ती जरा वेळ बघितली, दुसऱ्या कुणाचं तरी बोट त्याच्याकडे दुरुस्तीला आलं असावं तशी. मग दुसऱ्या हाताने खिशातून तिकीट काढलं, बोर्डावर पसरलं, आणि त्याच चौकोनी भागावर काळाकुट्ट डाग उठला.

"सापडला," तो म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा.

मी मेडिकलवाली आहे. साखर वाढून बधिर झालेली असली बोटं आणि असले पाय मी रोज बघते. मी त्याला ओढत माझ्या दुकानात आणलं, बोटाला मलम लावलं आणि न विचारता दुसऱ्या बोटाला सुई टोचून साखर तपासली. सुई टोचली तेव्हाही तो रस्त्याकडेच बघत होता. यंत्राने जो आकडा दाखवला तो मी त्याला सांगितला नाही, थेट डॉक्टरांना द्यायच्या चिठ्ठीवर लिहिला. मग चांगलं झाडलं. पायाला मुंग्या येत होत्या? येत होत्या. हातमोजे घातल्यासारखं वाटत होतं? वाटत होतं. कधीपासून? तो मलमाचं झाकण लावायला लागला. मी म्हटलं, "तिकिटं वेचायला लागलात तेव्हापासून ना?"

त्याने मान डोलावली.

"मग सांगायला काय झालं होतं? भिंत एका विटेची आहे आपली."

"काय सांगू? ताप्याला ताप कळत नाय, हे सांगू? गिऱ्हाईक हसंल त्याचं काय नाय वयनी. हसूदे." मग तो काउंटरच्या आत, माझ्या स्टुलावर बसला. तिथे मी कुणाला बसू देत नाही. "आयेला काय सांगू?"

त्या दिवशी पहिल्यांदा तो घरचं बोलला. आणि मला कळलं की म्हातारा पारशी वगैरे कुणी नव्हता. उस्ताद म्हणजे त्याची आई. कापणी झाली की खळ्यात भाताचे भारे रचून उडवी करतात. भारे जरा ओले राहिले तर उडवी आतून तापते आणि कुजते, बाहेरून काही दिसत नाही. त्याची आई रोज सकाळी उडवीभोवती फिरायची, जागोजागी आत हात घालायची आणि सांगायची, "हितं दुखतंय, हितला भारा काडा." ज्याचं दुखतं तो तापतो, हे वाक्य तिचं. कोमट तो कामाचा, हेही तिचंच. पोरांना शाळेला धाडताना कपाळाला बोट लावून ती तेच म्हणायची. गावातल्या लोकांनी तिला हसून घेतलं, पण तिची उडवी कधी कुजली नाही.

तिचं बोलणं गेलं तेव्हापासून हा रोज सकाळी जीप पकडायच्या आधी तिच्या कपाळाला बोट लावतो आणि म्हणतो, "कोमट. कामाची हायस, आये." ती त्यासाठी जागी राहते. त्याचं तोंड हलेपर्यंत त्याच्याकडे बघत राहते, मग डोळे मिटते.

"बोट गेलं तरी मी म्हनत ऱ्हायलो," तो म्हणाला. "काय कळत नव्हतं, तरी म्हनायचो. तिला कसं कळनार? आनि होळीच्या आधी एक दिवस मी कोमट बोल्लो आनि जीपमदी बसलो. ती तापानं फनफनली व्हती, वयनी. मी हात लावला व्हता. हात लावून बोल्लो. दुपारी पारूकाकीचा फोन आला."

पारूकाकी म्हणजे शेजारची बाई, ती दिवसा म्हातारीकडे बघते. छातीत कफ साठला होता. शहापूरच्या दवाखान्यात नेलं, काही दिवस ऑक्सिजन लावला, म्हातारी वाचली. तेव्हा दुकान बंद होतं आणि हा मला म्हणाला होता की नात्यात लग्न आहे.

"आता ती सकाळी बगत बसते," तो म्हणाला. "मी काय पन म्हनत नाय. बगत बसते आनि मी चप्पल घालून निगतो. कोमट कुन्या तोंडानं म्हनू?"

"थर्मामीटर न्या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"हाय ना."

"कुठून आला?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "सरळगावच्या मेडिकलमदून."

मी ह्या माणसाच्या आईसाठी हळहळले, त्याच्या बोटासाठी हळहळले, आणि त्या वाक्याला मला खरा राग आला. माझ्या काउंटरवरचे सगळे थर्मामीटर ह्याने परत पाठवले, आणि स्वतःला लागला तेव्हा सरळगावला जाऊन लपून घेतला. मी ते त्याला सुनावलं. तो म्हणाला, "तुमी हसला असता." मी हसलेच असते.

थर्मामीटर चालत होता, पण म्हातारीला चालत नव्हता. तो तिच्या काखेत धरायचा, तो पीप-पीप वाजायचा, हा आकडा वाचायचा, "ठीक हाय" म्हणायचा. ती तोंड फिरवून भिंतीकडे बघायची. तिला आकडा नको होता.

फ्रीजचा बोर्ड टेबलावर तसाच पडला होता, माझं इन्सुलिन कोथिंबिरीत होतं, समोर दोन गिऱ्हाइकं चिठ्ठ्या घेऊन उभी होती. मला रडू यायला लागलं की मी करवादते, हा माझा स्वभाव आहे. मी करवादून म्हटलं, "बोट गेलं तर ओठ कुठे गेले? डाऊट आला की तालुक्यातल्या सगळ्या टीव्हींना लावता ते?"

बाळाराम कानापर्यंत लाल झाला. "आयेला?" तो म्हणाला. "काय बोलता वयनी. लोक काय म्हनतील?"

आमच्याकडे मोठा झालेला मुलगा आईच्या पाया पडतो. तिला उचलून दवाखान्यात नेतो, तिचं सगळं करतो. पण तिच्या कपाळाला ओठ लावत नाही. असं का, ते कुणी सांगत नाही, पण नाही लावत. मी विषय सोडून दिला. त्याने फ्रीज दुरुस्त केला, आणि मी त्याला गोळ्या, पथ्य आणि दर महिन्याला साखर तपासायचा दम दिला. बोटांना पूर्वीची जाण येईल की नाही हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. तिकिटं चालू राहिली. आता तो ती उघड वेचतो, आणि तो संशयी कंडक्टर तिकीट मशीनच्या उरलेल्या रोलचे तुकडे आणून देतो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी आणि हे त्याच्या गावी गेलो. म्हातारीच्या पाठीला फोड यायला लागले होते, तिच्यासाठी हवेची गादी मागवली होती, ती जीपमध्ये मावेना, म्हणून ह्यांनी गाडी काढली. ह्यांनी अंगणात गादीचा खोका उघडला आणि माहितीपत्रक पहिल्यापासून वाचायला घेतलं. मी ओटीवर गेले. खळ्यात ताजी उडवी रचलेली होती. खाटेवर म्हातारी होती, इवलीशी, केस पारूकाकीने घट्ट विंचरलेले. तिने मला एकदा बघून घेतलं आणि नजर परत आतल्या दाराकडे लावली.

बाळाराम आतून चहाचे कप घेऊन आला. कप खाली ठेवले. माझ्याकडे बघून घुटमळला.

"वयनी," तो म्हणाला, "जरा कोंबड्या बगा."

अंगणात कोंबड्या होत्या. मी त्यांच्याकडे तोंड केलं. त्यातल्या एकीच्या पायाला लाल चिंधी बांधलेली होती. एवढं पाहून झाल्यावर मी मान वळवली, कारण मला राहवेना.

त्याने खांद्यावरचा टॉवेल घेतला. मिशी पुसली, वरचा ओठ पुसला, नीट, डावीकडून उजवीकडे. मग वाकला आणि डोळे मिटून म्हातारीच्या कपाळाला ओठ लावले. कुठल्याही बोर्डाला त्याने इतका वेळ लावलेला मी पाहिलेला नाही. म्हातारी हलली नाही. मग तो सरळ झाला, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कोमट," तो म्हणाला. "कामाची हायस, आये."

म्हातारीच्या तोंडाची जी बाजू हलते ती हलली. ती बाजू हसली, असं मी म्हणेन. मग तिने डोळे मिटले.

तेवढ्यात त्याला मी दिसले. तो पुन्हा कानापर्यंत लाल झाला आणि टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "मुका नाय हा वयनी. ताप बगत व्हतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "झाला बघून?"

त्याने आईकडे बघितलं. मग टॉवेल पुन्हा खाली घेतला.

"नाय," तो म्हणाला, "जरा डाऊट हाय," आणि परत वाकला.